उजवीकडची काठी

३ एप्रिल, सोमवार

नाही, मी रडले नाही! डोळ्यांत धूळ गेली होती. आणि गेली असेल, नसेल — तुला काय करायचंय? तू कोण लागून गेलीस? हातभर लांब, वीतभर रुंद कागदाची पट्टी. बाबांच्या मनोऱ्यातली रद्दी. एका बाजूला तळाशी सरळ हिरवी रेघ, पार वर पिसाळल्यासारखी लाल रेघ, आणि दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूने माझं ऐकायचं. मध्ये तोंड घालायचं नाही.

तर. आज हजेरीत शिंपीकाका खोकले.

तू मनोऱ्यात वाढलीस, तुला हजेरी काय माहीत. दर सोमवारी सकाळी अख्खी वस्ती मैदानावर. घर घर रांगेत, डावीकडे उंच, उजवीकडे बुटकं. आमच्यात, मागच्या मोजणीप्रमाणे, बाबा, आई, ताई, मी. मंचावर भोंगेवाला. तो भोंग्यातून विचारतो, "हवा कशी आहे?" आपण ओरडायचं, "स्वच्छ!" मग तोंड मिटायचं आणि तो शंभर आकडे मोजतो. तेवढ्यात जो खोकला तो मेला. खोकला म्हणजे अफवा — शाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलंय.

जो खोकला त्याला त्याच्या उजवीकडच्याने मारायचं. सात. घरून आणलेली आपली काठी. आवाज मंचापर्यंत गेला पाहिजे. नाही ऐकू आला तर पुन्हा एकपासून.

काकांच्या उजवीकडे त्यांचा मुलगा. बापाची काळजी आहे त्याला, जोरात मारून सातात आटपलं. पाचव्याला काकांचा कान फाटला. काकांनीच शिवलेला शर्ट, त्यांचीच ती कडक कॉलर, तिच्यात रक्त साठत गेलं, वाटीत साठावं तसं.

"बरा मारलास रे," काका म्हणाले.

"पाणी आणू?" मुलाने विचारलं.

झालं. एवढंच. नाही रडले.

५ एप्रिल

शेडमध्ये आज चौसष्ट पिशव्या. कारखान्याच्या धुराड्यांना कापडी पिशव्या लावतात, माणूस मावेल एवढ्या. भरल्या की आमच्याकडे येतात. मी उंच म्हणून मला वर चढून आकड्यांना अडकवायचं काम. सगळ्या मला शिडी म्हणतात. मग खालून सगळ्यांनी काठीने झोडायचं, धूळ झडेपर्यंत.

म्हणजे बघ हं — धुराड्यातली धूळ पिशवीत पकडायची, पिशवी झोडून ती हवेत सोडायची, आणि रिकामी पिशवी परत पाठवायची. मी मुकादमबाईंना विचारलं, मग पकडायचीच कशाला? बाईंनी माझ्याच काठीने माझ्या पोटरीवर दोन दिल्या. "जास्त वाचतेस तू."

धूळ जड असते. खाली बसते. म्हणून आधी कोंबड्या गेल्या, मग कुत्री. आता रांगती मुलं कोणी जमिनीवर सोडत नाही. शिंपीकाकांची नात खाटेवरच चालायला शिकली. चार पावलं, वळायचं, चार पावलं.

१० एप्रिल, सोमवार

आमच्या घरातलं कोणी नाही. आईने गिळला. मी बघत होते — गळा खालीवर झाला, डोळे भरले, पण ओठ मिटलेले. नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव. भोंगेवाला मुद्दाम सावकाश मोजतो, मेला.

घरी आल्यावर तासभर "हसली".

हे पण तुला सांगायला हवं. भिंती पातळ. शेजाऱ्यांनी खोकला ऐकला तर वर सांगायलाच लागतं. म्हणून घरात खोकला आला की त्याच्यावर हसणं ओढायचं — खुळ्ळ-हा-हा-हा. बाहेरून कान लावलास तर वाटेल वस्तीत घरोघरी लग्न निघालंय. मैदानावर मात्र ते चालत नाही. दोन वर्षांपूर्वी भोंगेवाल्याच्या ध्यानात आलं. तेव्हापासून हजेरीत हसणंही खोकल्यातच धरतात.

आईला एकदा झालंय. जानेवारीत. वर्षात तीनदा झालं की हवापालटाला पाठवतात. दुसऱ्या दिवशी बाराची गाडी, वर ताडपत्री. परत आलेलं मी कोणी पाहिलं नाही. हवा फारच मानवते वाटतं तिकडची.

जानेवारीतलं मी लिहिलं नव्हतं. आज लिहिते. आईच्या उजवीकडे ताई होती. ताईचा हात उचलेना. पहिले तीन तिने असे मारले जसं कोणी उशी थोपटतंय. "ऐकू आलं नाही. एकपासून." पुन्हा दोन बरे, तिसरा हळू. "एकपासून." पुन्हा पाच बरे, सहावा हळू. "एकपासून." मग ताई किंचाळली आणि सातच्या सात असे मारले की आईची बरगडी मोडली ती मला ऐकू आली. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडतात ना, तशी.

सातच्या जागी एकोणीस. मी मोजले. सगळे मायेपोटी.

ताई तेव्हापासून आईच्या डोळ्यांत बघत नाही. वाढताना सुद्धा ताटाकडे बघून बोलते.

१२ एप्रिल

उंचीची मोजणी झाली. मी ताईच्या दोन बोटं वर गेले!

मोजणीवाल्याने लोखंडी पट्टी डोक्यावर आपटली. "शिडी पुढे सरक." आता रांग अशी — बाबा, आई, मी, ताई.

म्हणजे आईच्या उजवीकडे मी.

मी पोक काढून बघितलं. त्याने पाठीत गुडघा घातला. "हाड सरळ."

घरी येताना ताई म्हणाली, "सुटले बाई." मग चार पावलं गेल्यावर थांबली आणि रस्त्यातच ओकली.

१५ एप्रिल

ताई आणि मी शेडमागे. ओल्या पोत्यावर सराव.

पिशवी झोडण्याचे दोन प्रकार. टोकाने मारलं तर आवाज कमी, मार आत जातो. आडव्या काठीने मारलं तर आवाज जास्त, मार वरवर. पण मंचापर्यंत जायचा म्हणजे तेवढ्याने भागत नाही. मग ताई म्हणाली, "बोंबली कर."

बोंबली म्हणजे टोकाकडून चिरलेली काठी. हातभर चिरायची, दोन फाळ्या एकमेकींवर आपटतात — फाट्! नुसती बोंबलते, धूळ कणभर झडत नाही. कामचुकार पोरी वापरायच्या. मुकादमबाईंना सापडली एक, तर त्या पोरीची बोटं दारात चेमटली. तीन बोटं. ती आता वजन लिहायला बसते, डाव्या हाताने.

मी माझी चिरली. फटीत मेण भरलं, वरून धूळ चोळली. पहिल्या फटक्याला मेण सुटेल, मग बोंबलेल. ताईने पाठ पुढे केली. "माझ्यावर करून बघ."

"नको गं."

"शिडे, मार म्हणते ना!"

मारलं. शेडच्या पत्र्यावरून आवाज परत आला. ताई थरथरली, मग वळून माझ्याकडे बघायला लागली.

"लागलं?"

"माशी बसल्यासारखं," ती म्हणाली. आणि तोंडावर हात दाबून खाली बसली. "मला का नाही सुचलं. जानेवारीत मला का नाही सुचलं हे!"

१७ एप्रिल, सोमवार

आईने गिळला. दोनदा. नखं तिने स्वतःच्या मांडीत खुपसली होती, साडीवर चार ठिपके.

२० एप्रिल

मी बाबांना मारलं.

लिहिते. थांब.

आज शेडमध्ये एक पिशवी आकड्यावरून निसटली आणि मी वरून थेट तिच्यात पडले. डोकं खाली, पाय वर. मुकादमबाई पलीकडून आल्या, त्यांना वाटलं भरलेली पिशवी आहे, सुरू झाल्या झोडायला! मी आतून ओरडतेय, "बाई मी आहे, बाई मी आहे!" आणि त्या म्हणतायत, "आजकाल पिशव्या सुद्धा उलट बोलतात." चार बसल्या मला. पाठ निळी आहे.

जेवताना हे सांगितलं. पिशवीतून माझे पाय कसे हलत होते ते उठून करून दाखवलं. आणि बाबा हसले.

खरं हसले. मान मागे टाकून. बाबांचं हसणं मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं. ते कसं असतं तेच विसरले होते. मला ते खोकल्यासारखं ऐकू आलं.

माझा हात दाराशी ठेवलेल्या काठीवर गेला. मी विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता, तेवढ्यात हात जाऊन आला. बोंबली नव्हती ती, बाबांची काठी होती, अख्खी. तोंडावर बसली. पुढचे दोन दात आमटीत पडले. आणि मी ओरडले — "एक!"

मोजत होते मी. घरात, जेवताना, बापाला.

आईने माझं मनगट धरलं. बाबा हातात तोंड धरून बसलेले. मला वाटलं उलटून मारतील. त्यांनी वाटीतले दात काढले, धुतले, खिशात ठेवले.

२१ एप्रिल

बाबांचं तोंड भोपळ्याएवढं. बोलता येत नाही. मला खुणेने माडीवर बोलावलं, माझी ट्रंक उघडली आणि तुम्हा सगळ्या पट्ट्यांना बाहेर काढलं. वर्षभराच्या. मला वाटलं आता जाळतायत.

त्यांनी तुम्हाला उलटं घातलं. माझं अक्षर खाली, रेघा वर. खोलीभर लाल.

मग एका कोऱ्या पट्टीवर, म्हणजे तुझ्यावरच, पेन्सिलीने लिहायला लागले. मी तोंडाने विचारायचं, त्यांनी लिहायचं.

"हिरवी रेघ म्हणजे चाळीस. तिच्याखाली स्वच्छ. शाळेत शिकलीस."

"आणि लाल?"

"त्या दिवसाची हवा."

मी बघत राहिले. हिरवी तळाशी. लाल कुठल्या कुठे.

"परवा सहाशे दहा," त्यांनी लिहिलं.

बाबा काटेवाले. वस्तीच्या टोकाला मनोरा, त्यात हवा मोजायचं यंत्र, त्याचा काटा पट्टीवर रेघ काढतो. मंचावरून दर सोमवारी ऐकवतात तो आकडा बाबांचा — एकोणचाळीस. कायम एकोणचाळीस. रोज दोन पट्ट्या काढतात ते. पहिली खरी. ती जाळायचा हुकूम. मग काट्याला दोरा बांधायचा, दुसरी काढायची, ती ऑफिसात.

"मग जाळल्या का नाहीत?"

"काडी ओढतो आणि विझवतो."

"आणि मला का दिल्यात?"

त्यांनी पेन्सिल चावली. मग — "पोरीच्या रोजनिशीला कोण हात लावतंय."

म्हणजे मी लिहीत नव्हतेच! झाकण होते मी! मला वाटायचं बाबांना माझं लिहिणं आवडतं म्हणून कागद आणतात. तसं मी ओरडले, तर त्यांनी घाईघाईने लिहिलं, "आवडतं. सगळं वाचलंय."

सगळं वाचलंय!! तिथे मी त्यांचा तिसरा दात पाडणार होते.

"आई मरतेय बाबा. आणि तुम्ही दर सोमवारी एकोणचाळीस सांगता."

त्यांनी पेन्सिल टेकवून ठेवली नुसती. इथे, ह्या कोपऱ्यात, तो ठिपका त्यांचा आहे.

२४ एप्रिल, सोमवार

डाव्या हाताने लिहितेय. वाचता येत नसेल तर नको वाचूस.

बासष्टला आई खोकली. गिळलेला नाही, पोटातून आलेला, ओला. भोंगेवाला थांबला. "कोण?" आईनेच हात वर केला. शहाणी आहे माझी आई.

मी काठी उचलली. तोंडातल्या तोंडात म्हटलं, "आई, ओरड. लागणार नाही, पण ओरड." भोंग्याच्या खरखरीत तिला ऐकू आलं नसावं.

पहिला. मेण सुटलं. फाट्!! अख्ख्या मैदानाने मान वळवली. आई दगडासारखी ताठ, डोळे मिटलेले, दात आवळलेले — मोडलेल्या बरगडीवर येणाऱ्या माराची वाट बघत होती ती. दुसरा. फाट्. तिसरा. आईने एक डोळा उघडला. चौथा. तिची मान माझ्याकडे वळली. मी सांगते, तिचा चेहरा कडू औषध म्हणून गूळ चाटवलेल्या लहान मुलासारखा झाला होता.

पाचव्याला ती हसली.

हसली गं! खरंखुरं! "अगं, लागतच नाही की!" हळूच म्हणाली, मला, कौतुकाने. आणि जे हसू फुटलं ते थांबेना. सगळ्या मैदानावर एकटी माझी आई हसतेय. एवढं सगळं ठरवलं मी — काठी, मेण, आवाज — आणि न लागल्यावर माणसाला काय होतं, तेवढंच ठरवायचं राहिलं.

"हसणं खोकल्यात धरावं," भोंगेवाला म्हणाला. "जानेवारीत एक. आज खोकला, दोन. आज हसणं, तीन. उद्या बाराची गाडी."

मग माझी काठी मागवली. दोन फाळ्या फाकवून सगळ्यांना दाखवल्या. "काठीत कपट. उजवीकडची कोण?"

ताई.

ताई माझ्यामागे आली. तिचा श्वास मानेवर लागत होता. कानाशी म्हणाली, "शिडे, हलू नकोस हं. हललीस तर चुकेल."

आणि मारलं. अख्ख्या काठीने. एकही हळू नाही. उजवा खांदा तिसऱ्याला गेला, सहाव्याला मी गुडघ्यावर, सातव्याला तोंडात माती. सात. सरळ सात. मंचावरून एकदाही "एकपासून" आलं नाही.

ताई इतकं प्रेम करते हे मला माहीत नव्हतं.

२५ एप्रिल, सकाळ

आई पिशवी भरतेय. दोन साड्या, कंगवा, बाबांचे दोन दात मागून घेतले. "असू देत. ओळखीचं काहीतरी." मग माझ्याकडे वळून, "तू का तोंड पाडून बसलीस? जानेवारीनंतर पहिल्यांदा मोकळी हसले मी. तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे चाललीस तू!"

"ते पण आहेच," आई म्हणाली आणि माझी वेणी घालायला बसली. ओढून, नेहमीसारखी.

बाबा मनोऱ्यावर गेले नाहीत. सुजलेल्या तोंडाने पहिल्यांदा बोलले. नीट येत नव्हतं. "आज दोरा बांधणार नाही."

"नुसतं तेवढंच?" मी म्हटलं.

त्यांनी ट्रंक उचलून माझ्यासमोर ठेवली.

ताई शेडमधून आली. फाटक्या पिशव्यांना ठिगळं चिकटवायची खळ असते तिचा अख्खा डबा घेऊन. आईच्या समोर उभी राहिली. मान वर केली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मी मोजलं नाही किती वेळ. मग आई म्हणाली, "वाळलीस गं." तेवढ्यावर ताई जी रडली!

मग डोळे पुसून डबा माझ्या डाव्या हातात दिला. "मैदानावरच्या खांबांना लाव. वर. मी उडी मारली तरी पोचणार नाही अशा बेताने लाव. उद्या फाडायला मलाच पाठवतील."

२५ एप्रिल, पावणेबारा

चार कोपऱ्यांनाच खळ लावतेय. अक्षर खांबाकडे, रेघा बाहेर. वर्षभराच्या सगळ्या. ही शेवटची.

पट्टे, आता तुझ्याशी बोलत नाही मी.

तू — ज्याच्या हातात हे आहे तो. खांबावर होतं तेव्हा ही बाजू कोणाला दिसत नव्हती. तुला दिसतेय, म्हणजे चढून फाडून काढलंस. ताई असशील तर ठीक आहे, तुझा दोष नाही, आईने घातलेली माझी वेणी छान झाली. दुसरा कोणी असशील तर माझं गिचमिड वाचत बसू नकोस. उलटव. हिरवी कुठे आहे बघ. लाल कुठे आहे बघ. मग एक श्वास घे आणि सांग कशी आहे हवा.

नको, मला सांगू नकोस. मला वेळ नाही. गाडी आली, ताडपत्री सोडतायत. खांबाच्या वरच्या आकड्याला एका हाताने लटकून मी आता तीनदा खोकणार आहे, मोकळा, पोटातून, मंचापर्यंत जाईल असा. मग मारायला सुद्धा थांबणार नाहीत, सरळ गाडीत. आईच्या उजवीकडे जागा आहे.

बाबांची काठी आणली होती, ती खालीच टाकली. निघाले.